परदेशी मुक्काम, मद्य आणि बारा तासांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून नोकरीला आहे. लंडनला गेल्यावर त्यांचा एक दिवस हॉटेलात मुक्काम असतो आणि रात्रीच्या जेवणात बरोबरची काही मंडळी वाईन किंवा बिअर घेतात, असे ती सांगते. आमचे घर माळकरी असल्याने तिच्या आजीने याचा धसकाच घेतला आहे. नियमाने अशा मुक्कामात मद्य घेता येते काय? शिवाय आजी तिला प्रत्येक वेळी दशमूलारिष्टाची बाटली बांधून देतात. ती सोबत नेणे योग्य आहे काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुक्कामात, म्हणजे या मंडळींच्या भाषेत लेओव्हरमध्ये, मद्य घेऊच नये असे आपला कायदा म्हणत नाही, कंपनीचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, तो मुलीने पाहून घ्यावा. 1937 च्या विमान नियमावलीतील 24 वा नियम एवढेच सांगतो की, उड्डाणाच्या आधीच्या बारा तासांत वैमानिकाने किंवा केबिन क्रूने मद्य घेतलेले नसावे. अडचण अशी की, अनेक जण हा नियम इथपर्यंतच वाचतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची अट त्यापुढे जाते : तपासणीत मद्याचा अंश शून्यच आला पाहिजे. बारा तास पाळले, पण अंश उरला, तर घड्याळ दाखवून सुटका होत नाही.

आता हिशेब पाहा. शरीर रक्तातील मद्य साधारणपणे ताशी 100 मिलिलिटरमागे 15 मिलिग्रॅम या संथ गतीने कमी करते, आणि काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. एखाद्याने रात्री एकपर्यंत पिऊन हे प्रमाण 200 पर्यंत नेले आणि त्याचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी एकला सुटणार असेल, तर बारा तास अगदी काटेकोर पाळूनही त्याच्या रक्तात सुमारे 20 मिलिग्रॅम मद्य शिल्लक राहते. ब्रिटनच्या 2003 च्या कायद्याने विमान कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा नेमकी 20 ठेवली आहे, म्हणजे इंग्लंडमधील मोटारचालकाच्या 80 चा चौथा हिस्सा. भारतात उतरेपर्यंत सगळे उतरेल, हा विचार म्हणूनच धोक्याचा आहे. परदेशातून आलेल्या क्रूची तपासणी भारतातील पहिल्या विमानतळावर होते हे खरे, पण त्याआधी लंडनचे पोलीसही तपासू शकतात. 2018 मध्ये जपानी कंपनीच्या एका सहवैमानिकाला हीथ्रोवर असेच पकडले गेले आणि न्यायालयाने त्याला दहा महिन्यांची कैद सुनावली.

आपल्याकडे उड्डाणापूर्वीच्या श्वास तपासणीत, म्हणजे ‘बीए’त, पहिल्यांदा दोषी आढळल्यास तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षे आणि तिसऱ्यांदा परवाना रद्द, अशी वैमानिकांसाठी शिक्षेची चढती भाजणी आहे. तपासणीस नकार देणे हेही दोषी ठरण्यासारखेच मानले जाते.

आजींच्या बाटलीचा प्रश्न मला वाईनपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण वाईन पिणाऱ्याला आपण काय पितो हे ठाऊक असते. आसव आणि अरिष्ट ही औषधे आंबवूनच तयार होतात. दशमूलारिष्टातही आपोआप तयार झालेले मद्य असते आणि त्याचे प्रमाण बहुधा बाटलीवरच छापलेले असते. 2023 पासून क्रूला मद्यांश असलेले औषध, इतकेच नव्हे तर माउथवॉश किंवा टूथजेलही वापरण्यास मनाई आहे. पहिल्या तपासणीत मद्यांश आढळल्यास चूळ भरू देऊन पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी करतात, त्यामुळे केवळ तोंडात राहिलेला अंश निघून जातो. पोटात गेलेल्या अरिष्टाला मात्र चूळ भरून उपयोग नाही. असे औषध खरोखरच आवश्यक असेल तर मुलीने आधी कंपनीच्या डॉक्टरांना दाखवावे आणि ते सांगतील तोवर ड्युटी घेऊ नये. केवळ थकव्यासाठी असेल तर ती बाटली राजारामपुरीतच राहू द्यावी, आणि मुलगी लांब सुट्टीवर घरी आली की आजींनी ती स्वहस्ते पाजावी.