चिलर बंद असताना सेफ्टी व्हॉल्व्ह का ठिबकतो? एक्स्पान्शन टँकचा काय संबंध?

लोअर परळच्या तुमच्या ऑफिसात रविवारी एसी प्लांट बंद असतो आणि सोमवारी सकाळी सेफ्टी व्हॉल्व्हखाली (लाइनीतला दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) पाणी साचलेलं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय एक्स्पान्शन टँकवरच, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या टाकीवर.

चालू प्लांटमध्ये चिलरनं थंड केलेलं लाइनीतलं पाणी ७ अंशांच्या आसपास असतं. प्लांट बंद केला की मुंबईच्या हवेत ते ३० अंशांकडे चढतं. तेवढ्यानं १०,००० लिटर पाणी चाळीसेक लिटरनं फुगतं. ऐकायला किरकोळ, पण पाणी दाबून बसत नाही. बंद लाइनीत जागाच नसेल तर दाबाच्या गेजचा काटा सरसर वर जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. टँकमध्ये रबरी ब्लॅडर (पिशवी) असतो: एका बाजूला पाणी, दुसरीकडे हवा किंवा नायट्रोजन. वाढलेलं पाणी आत शिरतं, हवा दबते. चिलर सुरू होऊन पाणी आकसलं की तीच हवा ते परत लाइनीत ढकलते.

टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबून बघा. पाणी आलं तर ब्लॅडर फाटलाय, बदला. हवा आली तर टँक लाइनीपासून बंद करून, पाणी काढून मगच दाब मोजा. भरल्या टँकवरचं माप फसवं असतं. टँक तळघरात असेल तर हवेचा दाब वरच्या लाइनीच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार हवा, शिवाय थोडा जास्त.

सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून ठिबक थांबवणारे फिटर भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका.