फक्त रणजीपर्यंत पोचला तर क्रिकेटमध्ये पोट भरतं का?

तुम्ही विचारलंय की भाचा सोळा वर्षांचा आहे, नाशिकमध्ये ओपनिंग करतो, आणि ‘फक्त रणजी’ खेळला तर निभेल का. त्या ‘फक्त’ला हसू आलं. मी पाच-सहा वर्षं जिल्ह्याकडून खेळलो, पण महाराष्ट्राच्या शिबिराचं बोलावणं कधी आलं नाही.

आधी पैशाचं बघू. 2021 पासून बीसीसीआय दिवसाप्रमाणे फी देतं. 20 सामन्यांपर्यंत अनुभव असेल तर दिवसाला 40,000, चाळीसपर्यंत 50,000 आणि त्यापुढे 60,000. सामना चार दिवसांचा, साखळीत सात सामने. नवख्याने सगळे खेळले तर 11 लाख 20 हजार. पण हे अकरातल्यांचं गणित. राखीव मुलाला निम्मे, आणि संघातच नसेल तर काहीच नाही. म्हणून रेल्वे किंवा सर्व्हिसेसच्या (सैन्यदलांच्या) संघात जाणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, तिथे खेळाला नोकरीचा आधार असतो.

आता धावांचं. त्या केल्या की काम झालं, असं मीही समजायचो. भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध एका डावात नाबाद 443 केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा 452 चा विक्रम नऊ धावांवर होता, तर समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला! कसोटी त्यांना एकही मिळाली नाही. अमोल मुजुमदारने रणजी पदार्पणात 260 केल्या, कारकिर्दीत 30 शतकं ठोकली, पण मधल्या फळीत तेव्हा द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण. जागा रिकामी नसेल तर तुमची सरासरी कोण बघतं? (हाच मुजुमदार 2025 मध्ये विश्वचषक जिंकलेल्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. तेव्हा पुढे काय, याची फार धास्ती घेऊ नका.)

नाशिककराची वाट जरा लांबची. जिल्हा संघ, मग एमसीएच्या (महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या) इन्व्हिटेशन मॅचेस, त्यातून विजय मर्चंट, कूचबिहार, सी. के. नायडू या वयोगटांच्या स्पर्धा, आणि मग सीनियर संघ. पुण्याला खेपा घालाव्या लागतात, पण वाट बंद नाही. आपल्या सत्यजित बच्छावने ती काढली. तो डावखुरा फिरकीपटू, आणि फलंदाजांची रांग त्याहून मोठी, हे मात्र खरं. कॉलेज सोडू देऊ नका, एवढं ठामपणे सांगतो.

आणि एक करा. जानेवारी 2025 मध्ये नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला होता. पुन्हा असा सामना लागला की भाच्याला चारही दिवस घेऊन जा. शतकवाल्याकडे तो बघेलच. तुम्ही त्याला पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारा राखीव फलंदाज दाखवा, आणि हे दोन सीझन चालेल का, ते घरी येताना विचारा.