हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न : आमची ८ एकर वडिलोपार्जित शेती आहे. ५ एकर विहिरीवर आणि ठिबकवर बागायत, ३ एकर जिरायत. वडील २ वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र नव्हतं. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागली आहेत. भाऊ १८ वर्षं शेती बघतो. कर्ज काढताना दरवेळी चौघांच्या सह्या लागतात, म्हणून आईने आणि आम्ही दोघींनी हक्कसोडपत्र करून द्यावं असं तो म्हणतो. धाकटी तयार आहे. माझ्यावर घराच्या कर्जाचे ११ लाख बाकी आहेत. भावाशी वाकडं घ्यायचं नाही. पण सही केली की त्या रानात मी पाहुणी होईन, असं सारखं वाटतं. काय करू?

उत्तर :

ताई, या महिन्यात सही करू नका. आणि भावाकडे बाजारभावाने हिस्साही मागू नका. या दोन्हींच्या मधे एक वाट आहे, ती सांगतो. पण आधी तुमचं नेमकं काय आहे ते बघू.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. तुमच्या घरात हिशेब सोपा आहे. जमीन वडिलोपार्जित धरा किंवा वडिलांची स्वतःची, दोन्ही वाटांनी आई आणि तिघं भावंडं मिळून प्रत्येकी चौथा हिस्सा येतो. म्हणजे भाऊ तुम्हाला काही देत नाहीये. तो तुमच्याकडे मागतो आहे. मागण्यात गैर काही नाही, पण कोण देतंय आणि कोण घेतंय हे बोलणी सुरू होण्याआधी चौघांच्याही मनात स्वच्छ असलेलं बरं.

आता पैशाचं. तुम्ही पत्रात बागायतीचा भाव एकरी १८ लाख आणि जिरायतीचा ९ लाख कळवलात. एकूण १ कोटी १७ लाख, तुमचा चौथा हिस्सा साधारण २९ लाख. हा आकडा ऐकून कुणाचंही मन हलेल. पण त्याच पत्रात भावाच्या उत्पन्नाचाही हिशेब आहे : खर्च वजा जाता चांगल्या वर्षी ४ लाख, वाईट वर्षी दीड. सरासरी पावणेतीन लाख धरू. त्यातून भाऊ आणि वहिनी यांची मजुरी काढा. वर्षाला २०० दिवस, दोघं जण, दिवसाला ४०० रुपये म्हटले तरी १ लाख ६० हजार झाले. जमिनीच्या नावावर उरले १ लाख १५ हजार. सव्वा कोटीच्या आसपासची जमीन शेकडा १ रुपयासुद्धा देत नाही. त्यात तुमचा चौथा हिस्सा वर्षाला २९ हजारांच्या आत येतो.

म्हणजे या एकाच जमिनीला दोन किमती आहेत, पिकाची आणि विक्रीची. तुम्हाला २९ लाख द्यायला भावाने १० टक्क्यांनी कर्ज काढलं तर पहिल्या वर्षीचं व्याजच २ लाख ९० हजार होतं, पूर्ण शेतीच्या सरासरी उत्पन्नाहून जास्त. मुद्दल तर लांबच राहिलं. त्याला काही एकर विकावेच लागतील, आणि विकायला गेलं की गिऱ्हाईक विहिरीजवळचाच तुकडा मागतं. तुमच्या घराचा हप्ता पगारातून नीट जातो आहे. त्या ११ लाखांसाठी रान मोडायची गरज मला दिसत नाही.

उलट बाजूने, हक्कसोडपत्र म्हणजे विक्रीच्या किमतीवरचाही हक्क कायमचा सोडणं. आज भाऊ पिकवतो आहे, तोवर ठीक. उद्या रस्ता आखला गेला, जमीन संपादनात गेली, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जाऊ शकतो. तो पैसा घामाचा नसतो, नकाशावरच्या रेषेचा असतो. आणि तो सगळा एकाच घरात जातो. माझ्यासमोर बसलेल्या कुटुंबांमध्ये बोलणं बंद झालं ते पिकाच्या पैशावरून क्वचितच. बहुतेक वेळा ते अशा मोबदल्यावरून झालं. तोवर सही होऊन वर्षं लोटलेली असतात, आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्याशी कुणी बोललं नसेल. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तुमच्या नावावर दुसरी शेती नसेल, तर या एका सहीने तुमचा शेतकरी असल्याचा पुरावाच जातो. पाहुणी होण्याची जी भावना तुम्ही लिहिलीत, तिला कागदावरही आधार आहे. ती फक्त हळवेपणा समजू नका.

मग भावाच्या अडचणीचं काय? ती खरी आहे. हंगाम तोंडावर असताना दोन बहिणींना शहरातून सहीसाठी बोलावणं हा त्रासच आहे. पण कर्जाच्या सह्यांचा प्रश्न सोडवायला मालकी सोडावी लागत नाही. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतचं शेतीकर्ज तारणाशिवाय देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. तेवढ्यात पीककर्ज बसत असेल तर जमीन गहाण टाकायचा प्रश्नच येत नाही. त्याहून मोठं कर्ज हवं असेल, तर फक्त त्या कामापुरतं आणि ठरावीक रकमेपुरतं मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सही करायचा लेखी अधिकार, भावाला द्या. मोघम, ‘सर्व अधिकार’ लिहिलेलं मात्र देऊ नका.

मधली वाट अशी. चौघांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून घ्या. तुम्ही जिरायतीतला १ एकर तुमच्या नावावर घ्या. जिरायतीला २० गुंठ्यांची किमान मर्यादा आहे, तुमचे ४० गुंठे होतात, त्यामुळे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा आड येणार नाही. बागायतीतला तुमचा वाटा भावाकडे जाऊ दे. त्याने १८ वर्षं राबून, स्वतःच्या पैशाने ठिबक टाकून तो भाग उभा केला आहे, आणि हे तुम्ही त्याला तोंडाने सांगा. या १८ वर्षांत त्याचं घर त्याच शेतीवर चाललं हेही खरं, म्हणून सगळंच्या सगळं सोडायचं कारण नाही. किमतीत बोलायचं तर तुम्ही साधारण २० लाख सोडताय आणि ९ लाखांची जमीन ठेवताय. तुमच्या एकराला जाण्यायेण्याची वाट आणि विहिरीच्या पाण्याची पाळी वाटपातच लिहून घ्या. ‘आपलंच आहे की’ म्हणून राहून गेलेली वाट पुढच्या पिढीत बांधावर भांडण लावते.

सोडलेल्या २० लाखांसाठी एक अट हवी : पुढच्या १५ वर्षांत बागायतीचा कुठलाही भाग विकला, बिगरशेती केला किंवा संपादनात गेला, तर त्या रकमेतला ठरलेला वाटा बहिणींना मिळेल. पिकवत राहिला तर काहीच देणं नाही. वकिलाकडून नीट मसुदा करून हे कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्तात घाला आणि दस्ताची नोंदणी करा. तुमच्या भावाचा हेतू फक्त शेती करण्याचा असेल, तर या अटीने त्याचं एका पैशाचंही नुकसान होत नाही. तो यावर काय म्हणतो, त्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

धाकटीचा निर्णय तिचा तिने घ्यावा. हे पत्र तिला वाचायला द्या, इतकंच.

मला खरी काळजी वाटली ती आईची, आणि तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे. आईने हक्क सोडू नये. कुठल्याही परिस्थितीत नाही, मुलगा कितीही चांगला असला तरी. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे २ एकर, हे तिचं म्हातारपण आहे. दवाखान्याचा खर्च निघाला तर तिला कुणाकडे हात पसरावा लागू नये. हिस्सा पुढे भावालाच द्यायचा तिच्या मनात असेल तर तिने मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होतं आणि हयातीत केव्हाही बदलता येतं. कसू दे भावालाच, नाव तिचं राहू दे.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा सगळे बसण्याआधी आईला एकटीला विचारा, तिला काय हवं आहे. मग भावाला सांगा की तुम्हाला या सह्यांच्या कटकटीतून त्याला सोडवायचं आहे, आणि वर लिहिलेला हिशेब त्याच्यासमोर ठेवा. त्याचे उत्पन्नाचे आकडे वेगळे निघाले तर मला कळवा, आपण गणित पुन्हा मांडू.