बोअरच्या पाण्यात केसांचा कलर कसा टिकवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीला राहता, पहिल्यांदाच बर्गंडी कलर केला, तीन आठवड्यांत उतरून केस केशरी-तपकिरी दिसायलेत, घरी बोअरचं पाणी आहे, धूळ-घामामुळं एक दिवसाआड डोकं धुता, सव्वा महिन्यावर भावाचं लग्न आलंय, आणि कलर टिकायला कुठला शाम्पू घेऊ. मी लातूरला पंधरा वर्षं झाली पार्लर चालवते, तर शाम्पूचं नंतर सांगते, आधी ते एक दिवसाआड धुणं बंद करा. कलर जायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, आणि हे मी कुठं वाचून नाही, स्वतःच्या केसांवर बघून सांगायलेय.

2016 साली लातूरला काय हाल होते तुम्हाला आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून कलम 144 लावलं होतं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीला माझी मावसबहीण पुण्याहून आली होती, तिला आणि मला दोघींना मी एकाच दिवशी एकाच कंपनीचा एकच शेड लावला, दोघींचेही केस मुळात काळेभोर. ती पुण्याला गेली, तिथं नळाला धरणाचं पाणी, ती दिवसाआड केस धुवायची. मी इथं दहा-दहा दिवसांनी धुवायचे, तेही टँकरच्या अर्ध्या बादलीत, आणि आई खाली टब ठेवून ते पाणी संडासात टाकायला धरून ठेवायची. त्या पांढऱ्या टबमुळं मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं की कलर किती निघतो ते. पहिल्या धुण्याला पाणी बीट उकडलेल्या पाण्यासारखं लालजांभळं, दुसऱ्याला फिकट, तिसऱ्याला पातळ चहासारखं, नंतर जवळपास नितळ. मे महिन्यात बहीण परत आली तर तिचे केस तुमच्यासारखेच केशरी झालेले, माझा रंग बराच टिकलेला. पण तिचे केस मऊ होते आणि माझे हाताला सुतळीसारखे लागत होते, कंगवा मध्येच अडकायचा. तेव्हा मला कळलं की या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, धुण्यानं रंग जातो आणि टँकर-बोअरच्या क्षारानं केसांची चमक न् मऊपणा जातो, आपण दोन्हीचा दोष एकट्या शाम्पूच्या बाटलीला देतो.

आता हे कामून होतं ते सांगते, म्हणजे काय पाळायचं ते लक्षात राहील. केसाला वरून माशासारखे बारीक खवले असतात. कलरमधला अमोनिया ते खवले उघडतो, त्यात मिसळलेलं डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा मूळ काळा रंग थोडा उडवतं आणि रंगाचे बारीक कण आत जाऊन एकमेकांना जुळून मोठे होतात, मोठे झाले की सहजासहजी बाहेर पडत नाहीत. पण केस भिजला की फुगतो, खवले परत उचलतात, आणि थोडा थोडा रंग बाहेर येतो. नुसत्या पाण्यानंही येतो बरं का, शाम्पू नाही लावला तरी. पाणी गरम असलं की अजून जास्त. लाल जातीचे शेड, म्हणजे बर्गंडी, महोगनी, चेरी, सगळ्यात लवकर उतरतात. आणि तुम्हाला जो केशरी दिसायलाय तो काही नवा रंग चढलेला नाही, पेरॉक्साइडनं काळा रंग उडवल्यावर खाली जो तांबूस-केशरी उरतो तोच आता उघडा पडलाय. पार्लरवालीनं काही चुकीचं लावलं असं लगेच समजू नका.

तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुवा. घामाचं काय म्हणाल तर मुळांना घाम येतो, शेंड्यांना नाही, म्हणून शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला बोटांच्या पेरांनी चोळा, खालच्या लांबीला जो फेस वाहून जातो तेवढा बास. मधल्या दिवशी लईच चिकट वाटलं तर टाळू ओल्या फडक्यानं पुसून घ्या. धूळ अंगावर येऊच द्यायची नाही, स्कूटीवर मुली तोंडाला स्कार्फ बांधतात तसा केस पूर्ण आत घेऊन बांधा, सुती असू द्या. स्कार्फ उन्हासाठीही पाहिजेच, आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि त्या उन्हानं केसातला रंग सरळ फिका पडतो, गच्चीवर वाळवणाजवळ केस सोडून बसणाऱ्या बायांचा वरचा थर आधी उडालेला असतो, आतला तसाच असतो, मी रोज बघते.

आता पाण्याचं. तुमचं बोअर जड आहे का ते घरातच कळतं, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजायला वेळ लागतो, बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो. तो थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, आणि तोच केसांवर बसतो, कलर केलेल्या केसांवर तर साध्या केसांपेक्षा जास्त चिकटतो. म्हणून केस कोरडे राठ लागतात आणि रंग असूनसुद्धा मळकट दिसतो. तुरटी फिरवून काही होत नाही, तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, क्षार पाण्यातच राहतात. सगळं धुणं चांगल्या पाण्यानं करा असं मी म्हणणार नाही, आपल्याकडं ते परवडत नाही. एवढंच करा, बोअरच्या पाण्यानं धुऊन झालं की शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या जारचं पाणी घ्या, ते 20 लिटरचे जार सगळ्या गल्लीत येतात. गार घ्या, जारवाले गारच देतात. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी, पहिला पाऊस सोडून, त्याच्यासारखं तर काही नाही, माझी आजी पागोळ्यांखाली हंडे लावून ते पाणी डोक्यासाठी राखून ठेवायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही.

पंधरा दिवसांतून एकदा त्या शेवटच्या तांब्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर टाका, केसांवरून ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा, क्षाराचा थर सुटतो आणि खवले मिटतात. जास्त टाकू नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळून उन्हात बसायचं मात्र अजिबात करू नका, त्यानं रंग अजून उडतो. सोडा तर लांबच ठेवा.

आंघोळीच्या साबणानं डोकं धुत असाल तर आजच सोडा. साबण अल्कली असतो, खवले उघडतो, आणि जड पाण्यात त्याची जी चिकट साय होते ती केसांवरच राहते. माझ्या सासूबाई मेंदीवर साबण लावायच्या आणि मेंदी बसत नाही म्हणायच्या, साबण सोडला तर बसायला लागली. शाम्पू कलर केलेल्या केसांचा म्हणून मिळतो तो साधासा घ्या, सल्फेट नसलेला असला तर बरा, पण त्यावर हजार रुपये घालू नका, त्या पैशात कंडिशनर घ्या आणि प्रत्येक धुण्याला लावा, टाळू सोडून कानाच्या खाली शेंड्यापर्यंत, तीन मिनिटं ठेवून. कोंड्याचा शाम्पू कलर लवकर काढतो, कोंडा असेल तर लग्नाच्या आधी तो आवरून घ्या न् मग कलर करा.

तेलाचं सगळ्या विचारतात. धुण्याआधी दोन तास खोबरेल लावा, ते केसाच्या आत जातं आणि भिजल्यावर केस कमी फुगतो, म्हणजे वर सांगितलं तेच रंग बाहेर पडणं कमी होतं. रात्रभर थापून ठेवायची गरज नाही, कारण मग ते काढायला दोन-दोनदा शाम्पू लागतो आणि सगळं मुसळ केरात. स्ट्रेटनर शक्यतो नकोच.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. उतरलेल्या बर्गंडीवर काळी मेंदी लावायचा मोह होईल, पाच-दहा रुपयांची पुडी मिळते. मेंदी कधीच काळी नसते, ती तांबूसच रंगते, काळी म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं डायचंच रसायन असतं. माझ्याकडं एक बाई आली होती, घरी अशी पुडी लावून, पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडत नव्हते, मी तिला तशीच दवाखान्यात नेली. तुमच्या पार्लरच्या कलरमध्येही पीपीडी असू शकतं, म्हणून मागच्या वेळी काही झालं नाही तरी या वेळीसुद्धा कानामागं थोडा लावून 48 तास बघा. ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही उठते.

लग्नासाठी म्हणाल तर आत्ता काही लावू नका. लग्नाच्या सात-आठ दिवस आधी करा, मुळांना पूर्ण वेळ आणि लांबीला फक्त शेवटची दहा मिनिटं, कारण दर वेळी शेंड्यांवर पूर्ण कलर चढवला की शेंडे जळल्यासारखे होतात. मग तीन दिवस पाणी लावायचं नाही. पहिल्या धुण्याला सगळ्यात जास्त रंग निघतो, तो जुन्या गडद टॉवेलवर निघू द्या, आणि त्यानंतर लग्नापर्यंत एकच धुणं बसवा. अडचण येते ती हळदीच्या दिवशी. तुम्ही करवली, तुम्हाला कोणी सोडणार नाही, केसांत हळद गेली की त्या रात्री दोनदा शाम्पू आणि सगळी मेहनत गेली. म्हणून हळदीला बसायच्या आधी केसांना खोबरेल चोपडून घट्ट अंबाडा घाला, वरून जुना सुती रुमाल कपाळापर्यंत ओढून बांधा, आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा की गालाला लावा, हाताला लावा, डोक्याला नको.