प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये बाबांचं उत्पन्न कशाला हवंय?

मागच्या अंकात आम्ही कॅम्पस इंटरव्ह्यूबद्दल प्रश्न मागवले होते आणि आले ते निम्म्याहून जास्त भलतेच, म्हणजे इंटरव्ह्यूत काय बोलायचं यापेक्षा आपली माहिती कॉलेजनं कुणाकुणाला वाटली याचीच काळजी लोकांना जास्त. बरंच झालं, या विषयावर कुणी धड बोलत नाही. काही पत्रं इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटींबद्दल आहेत, काही आपल्याकडच्या कॉलेजांबद्दल, दोन्हीकडचे कायदे वेगळे आहेत तेव्हा एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. आणि नावं छापलेली नाहीत, या विषयावर तर छापणारच नाही.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये एमएससी करतेय, लोन आमच्या घरावर आहे. नोकरीचं विचारलं की ती उडवाउडवीची उत्तरं देते म्हणून मी तिच्या युनिव्हर्सिटीच्या करिअर सर्व्हिसला, म्हणजे मुलांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या विभागाला, मेल केला की ती तुमच्याकडे येते का, अर्ज वगैरे करते का. त्यांचं उत्तर आलं की अशी कुणी विद्यार्थिनी आमच्याकडे आहे की नाही हेसुद्धा आम्ही सांगू शकत नाही. फी आम्ही भरायची आणि आम्हालाच हे उत्तर? – एक आई, कोल्हापूर

ताई, राग येणारच, पण त्यांचं काही चुकलेलं नाही. तिकडे यूके जीडीपीआर आणि २०१८ चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट हे वैयक्तिक माहिती जपायचे कायदे लागू आहेत आणि मुलगी सज्ञान आहे, म्हणजे तिची माहिती कुणाला द्यायची हे ती ठरवणार, फी कोण भरतं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. "आहे की नाही" एवढंही न सांगणं तुम्हाला तुसडेपणाचं वाटलं असेल, पण विचार करा, मेल पाठवणारी बाई खरंच आई आहे हे त्यांना कसं कळणार? लग्नाच्या जबरदस्तीतून सुटून आलेली मुलगी असते, मारकुट्या नवऱ्यापासून लांब आलेली असते, तिला शोधणारा माणूससुद्धा अगदी असाच काळजीचा मेल लिहितो. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर. मुलीनं स्वतः लेखी परवानगी दिली तर ते बोलतील, आणि तिनं तुमचं नाव इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून दिलेलं असेल तर खरंच काही इमर्जन्सी आली की फोन येईल, तो नंबर बाकी कशासाठी वापरत नाहीत.

आणि ताई, त्यांनी सांगितलं असतं तरी तुमच्या हाती फारसं काही लागलं नसतं. त्यांच्या सिस्टममध्ये तिचं नाव, कोर्स, वर्ष, युनिव्हर्सिटीचा ईमेल एवढं मुख्य रेकॉर्डमधून आपोआप आलेलं असतं, वर तिनं कुठली अपॉइंटमेंट घेतली, कुठल्या वर्कशॉपला गेली, सीव्ही कधी तपासून घेतला याच्या नोंदी. तिनं थेट कंपनीच्या साइटवर जाऊन पन्नास अर्ज केले असतील तर त्यांचा यांना पत्ताही नसतो. उडवाउडवी करणारी बरीच मुलं रिजेक्शनचे मेल मोजत बसलेली असतात हो, त्यामुळे "झालं का काही" असं विचारण्याऐवजी "कुठेकुठे केलेस अर्ज" असं विचारून बघा.

करिअर ॲडव्हायझरशी बोलताना मी सांगून टाकलं की मला डिप्रेशन होतं, अजून गोळ्या चालू आहेत, म्हणून सेमिस्टर गेलं. ती ऐकता ऐकता टाइप करत होती. आता टेन्शन आलंय, हे कंपन्यांना दिसेल का? व्हिसावाल्यांना? – एक विद्यार्थी, लीड्स

कंपन्यांना नाही दिसणार. ॲडव्हायझरच्या नोंदी म्हणजे पुढच्या वेळी दुसरा ॲडव्हायझर असला तरी तुला पहिल्यापासून सगळं सांगावं लागू नये म्हणून लिहिलेलं टिपण, ते करिअर सर्व्हिसच्या आतच राहतं. कंपनी त्याच पोर्टलवर जाहिरात टाकते, पण तिला तू अर्ज करताना जे पाठवलंस तेवढंच मिळतं. तब्येतीची माहिती तिथल्या कायद्यात खास जपायच्या गटात येते, तशीच वंश, धर्म, लैंगिकता वगैरे, आणि ती नोंदवून ठेवायला किंवा दुसऱ्या कुणाला द्यायला साधारणपणे तुझी स्पष्ट संमती घेतात. अपवाद एकच लक्षात ठेव, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं त्यांना वाटलं तर ते गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नये.

खात्री हवी असेल तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट नावाची सोय आहे. युनिव्हर्सिटीच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला साधा मेल टाकायचा की माझ्या करिअर अपॉइंटमेंटच्या सगळ्या नोंदी द्या, कारण सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं (फारच गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने मागून घेऊ शकतात). नोंदीत काही चुकीचं असेल तर दुरुस्त करायला सांग, नको असेल तर काढायला सांग, नाही ऐकलं तर आयसीओकडे, म्हणजे तिथल्या इन्फर्मेशन कमिशनरकडे तक्रार करता येते. पण आधी त्या ॲडव्हायझरलाच विचार की काय लिहिलंस, बहुतेक ती स्क्रीनच वळवून दाखवेल.

व्हिसाचं वेगळं आहे. युनिव्हर्सिटी तुझी स्पॉन्सर आहे, त्यामुळे हजेरी बुडाली, कोर्स बदलला, सोडला हे तिला होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावंच लागतं, आणि कोर्सचाच भाग असलेली वर्क प्लेसमेंट असेल तर तीही कळवावी लागते. तेव्हा प्लेसमेंट कुठे, कधीपासून ही माहिती करिअर ऑफिसकडून व्हिसा टीमकडे जाईल, तुझ्या गोळ्यांची नाही जाणार. आणखी एक, २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार नोकरी ऑफर करण्याआधी कंपनीनं तब्येतीचे प्रश्न विचारायचे नसतात, थोडे अपवाद आहेत. इंटरव्ह्यूला काही सोय हवी असेल, जास्त वेळ वगैरे, तर ते तू आपणहून सांगायचं, आणि तेही तुला हवं असेल तरच.

युकेहून परत येऊन वर्ष झालं, आता पुण्यात जॉब करतोय. 'तुम्ही सध्या काय करता, पगार किती' असं विचारणारा मेल आलाय, ग्रॅज्युएट आउटकम्स असं काहीतरी नाव आहे. स्कॅम आहे का? माझा ईमेल यांना दिला कुणी? – एक वाचक, पुणे

खरा असण्याची शक्यता जास्त आहे. कोर्स संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी हा सर्व्हे येतो, तिथल्या उच्च शिक्षणाची आकडेवारी गोळा करणारी हेसा ही संस्था तो करते, ती आता जिस्क या दुसऱ्या शैक्षणिक संस्थेचा भाग आहे. ईमेल तुमच्या युनिव्हर्सिटीनंच दिला, तिला तो द्यावा लागतो, आणि प्रवेशाच्या वेळच्या त्या लांबलचक प्रायव्हसी नोटीसमध्ये हे लिहिलेलं असतं जी तुम्ही वाचली नाही, मीही वाचली नसती. पगाराचा प्रश्न सोडून देता येतो, अख्खा सर्व्हे नको असेल तर तसं कळवून नाव काढून घेता येतं. बँकेचे डिटेल्स, पासपोर्ट नंबर, पासवर्ड यातलं काही मागितलं तर मात्र तो स्कॅमच.

नाशिकला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरच्या सेलचा गूगल फॉर्म आलाय, त्यात आधार, पॅन, जात, कास्ट सर्टिफिकेटचा फोटो, बाबांचा व्यवसाय, उत्पन्न, इन्स्टाचं अकाउंट, सगळ्याला स्टार लावलेला. नाही भरला तर एकाही ड्राइव्हला बसू देणार नाहीत म्हणे. मागच्या बॅचची शीट व्हॉट्सॲपवर फिरत होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांना 'सिलेक्शन झालंय, ट्रेनिंगचे पैसे भरा' असे फोन आले. काय करू? – एक विद्यार्थिनी

एकेक रकाना घे आणि विचार की हे नसेल तर कंपनीचं काय अडेल. सीजीपीए, दहावी-बारावी किंवा डिप्लोमाचे मार्क, लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेले विषय), गॅप, हे लागतं, कारण "साठ टक्के थ्रूआउट" ही अट अजून कंपन्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. फोन, ईमेल, ब्रँच, ठीक. आधार आणि पॅन लागतात ते ऑफर मिळाल्यावर, पीएफच्या यूएएन नंबरसाठी, टीडीएससाठी, आणि तेव्हा ते कंपनीच्या एचआरला थेट द्यायचे असतात, मध्ये कॉलेजची शीट कशाला? कास्ट सर्टिफिकेट आणि उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनला, स्कॉलरशिपला लागतो, तो कॉलेजच्या ऑफिसात आधीच पडलेला आहे, प्रायव्हेट कंपनीच्या ड्राइव्हचा त्याच्याशी संबंध नाही, सरकारी कंपनी आली तर तिचा स्वतःचा अर्ज असतो. बाबा रिक्षा चालवतात की बँकेत आहेत यावरून कोडिंग राउंडला काय फरक पडणार आहे ते टीपीओंनीच सांगावं. आणि इन्स्टा? ते तर मला अजिबात कळलेलं नाही.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट झालाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिलीये, म्हणजे मे २०२७. त्यात स्पष्ट आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्याला लागेल तेवढाच डेटा. कायद्यात उदाहरणच दिलंय, डॉक्टरचा सल्ला देणारं ॲप तुमची फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट मागतं आणि तुम्ही हो म्हणता, तरी ती संमती लिस्टला लागू होत नाही कारण उपचाराला लिस्ट लागत नाही. हे उदाहरण तुझ्या फॉर्मला चपखल बसतं. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत आहे, कॉलेजला एवढा होईल असं म्हणत नाही मी, पण हा आकडा मॅनेजमेंटच्या कानावर घालायला हरकत नाही.

आत्ता काय करायचं तर एकटीनं भांडू नकोस, एकट्या पोरीला लगेच "ॲटिट्यूड आहे" म्हणतात. सीआरला (वर्गप्रतिनिधीला) घे, आठ-दहा जण मिळून टीपीओंना नम्रपणे मेल करा, प्रिन्सिपॉलना सीसीत ठेवा: यातले कुठले रकाने कुठल्या कंपनीनं मागितलेत, शीट कोण बघणार, सीझन संपल्यावर ती डिलीट होणार का. तोवर फॉर्म भरावाच लागला तर स्टारच्या रकान्यात "जॉइनिंगच्या वेळी देईन" असं लिही, वेगळं सेटिंग केलेलं नसेल तर गूगल फॉर्म ते मुकाट घेतो. आधारची कॉपी मागितलीच तर मास्क्ड आधार दे, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि सबमिट केल्यावर आधीचे रिस्पॉन्स बघायची लिंक दिसते का ते बघ, हे सेटिंग चुकून चालू राहिलेलं असतं आणि मग अख्खा वर्ग एकमेकांची उत्तरं वाचू शकतो.

फोनचं म्हणशील तर नोकरी देणारी कंपनी पैसे मागत नाही, विषय संपला. पैसे गेलेच असतील कुणाचे तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, लाजत बसायचं नाही, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

माझं ऑफर लेटर कॉलेजच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये सापडलं, पगार, घरचा पत्ता, सहीसकट! पास होऊन चार वर्षं झाली. – एक माजी विद्यार्थी, सांगली

ही नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून ग्रेड देणाऱ्या संस्थेची कृपा. नॅकच्या जुन्या फॉर्मॅटमध्ये प्लेसमेंट झालेल्या मुलांची यादी, कंपनी, पॅकेज असं सगळं मागायचे आणि मग पुरावा म्हणून ऑफर लेटरं स्कॅन करून सरळ वेबसाइटवर टाकायची, ती लिंक गूगलवर उघडी पडते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. प्रिन्सिपॉल आणि आयक्यूएसी (कॉलेजमध्ये नॅकचं काम बघणारा सेल) कोऑर्डिनेटर दोघांना लिंकसकट मेल करा की ही फाइल काढा किंवा पत्ता, पगार, सही काळी करून टाका. काढल्यावरही ती सर्चमध्ये काही दिवस दिसेल, त्यासाठी गूगलचा जुना मजकूर काढायचा फॉर्म आहे तो भरा. तुमच्या बॅचमेटचीही लेटरं तिथेच असणार, त्यांना कळवा.

मी स्वतः टीपीओ आहे. दोन माणसांचा सेल, आठशे मुलं, कंपनी रात्री दहाला मेल करते की सकाळी नऊपर्यंत डेटा पाठवा. तुम्ही टीका कराल, पण आम्ही करायचं काय? – एक प्राध्यापक, अमरावती

सर, टीका नाही करत, तुमच्यावर किती लोड असतो ते माहितीये. पण त्या रात्री दहाच्या मेलसाठीच आधीपासून दोन शीट ठेवा. एक छोटी, नाव, ब्रँच, मार्क, बॅकलॉग, ईमेल, फोन, हीच कंपनीला जाईल, आणि फॉर्ममध्येच मुलांना विचारून ठेवा की एलिजिबल असेल त्या कंपनीला ही माहिती पाठवू का. बाकी जे काही असेल ते दुसऱ्या शीटमध्ये, तिला फक्त तुमच्या दोघांचा ॲक्सेस, "एनीवन विथ द लिंक" कधीही नाही.

खरी गळती होते ती स्टुडंट कोऑर्डिनेटरच्या फोनमधून. पोरं बिचारी फुकट राबतात, पण दोनशे जणांचे नंबर आणि मार्क त्यांच्या पर्सनल व्हॉट्सॲपवर असतात आणि पास झाल्यावरही तिथेच राहतात. त्यांना यादी देऊ नका, काम द्या: हॉल लावणं, कंपनीच्या लोकांना घ्यायला जाणं, लॅब तयार ठेवणं. शॉर्टलिस्ट ग्रुपवर टाकायची तर नुसते रोल नंबर, मार्क नकोत, कोण नापास झालं हे चारशे जणांना कळायची गरज नसते. मेल बीसीसीनं. डिप्लोमाची मुलं असतील तर त्यातली बरीच १८ च्या आतली, त्यांच्यासाठी नव्या कायद्यात पालकांची संमती लागणार आहे, तो फॉर्म ॲडमिशनच्याच वेळी घेऊन ठेवला तर तुमचाच त्रास वाचेल. आणि सीझन संपला की छोटी शीट डिलीट, एनआयआरएफला (कॉलेजांच्या सरकारी रँकिंगला) लागतात ते किती जण नोकरीला लागले आणि मीडियन पगार, ते आकडे वेगळे काढून ठेवले की पुरे.