छापला अठराशे, पट्टी आली चौदाशेची

कांद्याच्या लिलावात पुकारणाऱ्याच्या मागे वही घेऊन मी एकतीस वर्षे चाललो. निवृत्त झाल्यावर संपादकांनी ‘बाजारभावाची पत्रं तुम्हीच बघा’ म्हणून हे सदर गळ्यात मारलं. या वेळी निम्मी पत्रं एकाच तक्रारीची आहेत, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

प्रश्न : पेपरात आमच्या बाजार समितीचा उन्हाळ कांदा किमान ७००, कमाल २,३५१ आणि सर्वसाधारण १,८०० असा छापून आला. त्याच दिवशी माझी ट्रॉली १,४२१ला गेली. मला फसवलं का? (एक वाचक, निफाड तालुका)

दादा, पत्रासोबत सौदापट्टीची (लिलावात ठरलेला भाव लिहिलेली चिठ्ठी) झेरॉक्स जोडलीत हे बरं केलंत. फसवणूक दिसत नाही. पण तक्ता वाचण्यात तुमची चूक झालीय, आणि ती जवळजवळ सगळेच करतात.

कमाल भाव हा बहुतेक वेळा एकदोन ट्रॉल्यांचा असतो. निवडलेला, एकसारख्या आकाराचा, पत्ती (वरची सालपटं) असलेला माल आला की दोन व्यापाऱ्यांची चुरस लागते आणि आकडा वर जातो. मोबाईलवर फिरतो तो हाच. किमान भाव खाद (खराब), चिंगळी (अगदी बारीक), भिजलेल्या मालाचा. आता सर्वसाधारण. किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागणारे मी खूप पाहिले. तुमच्या आकड्यांची तशी बेरीज केली तर १,५२५ येतात, छापले आहेत १,८००. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला तो. आम्ही दुपारी सौदापट्ट्यांचा गठ्ठा उलगडायचो आणि गर्दी कुठे आहे ते बघायचो.

मग तुमची ट्रॉली गर्दीच्या खाली का गेली? उत्तर तुमच्याच पत्रात आहे, ‘मजूर मिळाले नाहीत म्हणून कांदाचाळीतून सरळ भरला’. म्हणजे माल निवडलाच नाही. व्यापारी ट्रॉलीवर चढून कोपरापर्यंत हात घालतो. वर मोठा आणि आत गोल्टी (लहान कांदा) लागली की तो सगळ्या ट्रॉलीला गोल्टीच्या जवळचा भाव बोलतो. गोल्टी वेगळी आणली असतीत तर ती कमीच गेली असती, पण मोठ्या मालाला तिने खाली ओढलं नसतं.

एक गोष्ट मात्र तपासा. सौदापट्टी १,४२१ची आहे, हिशोबपट्टीही (पैशांच्या हिशोबाची पावती) त्याच भावाची आहे का? व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतताना ‘आत खराब निघाला’ म्हणून वांधा (मालाबद्दल तक्रार) काढतात आणि तिथल्या तिथे शंभर-दीडशे कमी करतात. कधी तो खरा असतो, कधी नाही. पटला नाही तर माल ओतणं थांबवा आणि बाजार समितीच्या माणसाला बोलवा. वांधा समिती त्यासाठीच असते. ट्रॉली रिकामी झाल्यावर आलात तर कोणीच काही करू शकत नाही.

(छापलेला आकडा कधीच चुकत नाही असंही समजू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा ३१०च्या जागी ५१० लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेर ही रांग! रांगेत माझा मामेभाऊही होता. अजून कुठल्या लग्नात भेटला की मला ‘या, पाचशे दहा’ म्हणतो.)

प्रश्न : लासलगावला कांदा १,६०० आणि पुण्यात १५० ते १९०? पुण्यात शेतकऱ्याला इतकं लुटतात? (एक विद्यार्थिनी, जुन्नर)

नाही गं. लासलगावचा भाव क्विंटलचा असतो, पुण्याच्या गुलटेकडीचा दहा किलोचा. दहाने गुण, १,५०० ते १,९०० होतात. तुमच्या नारायणगावला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर बोलतात आणि कोथिंबीर जुडीवर. आकडा वाचण्याआधी परिमाणाचा रकाना बघायचा. त्याच्या शेजारी आवकेचा असतो, तोही बघ. वीस क्विंटल आवकेवर निघालेल्या भावाच्या मागे कोणी ट्रॅक्टर पळवू नये.

प्रश्न : माझ्याकडे पाचशे लेयर (अंड्यांच्या) कोंबड्या आहेत. एनईसीसीचा जाहीर भाव असतो त्यापेक्षा व्यापारी शेकड्यामागे तीस-चाळीस रुपये कमी देतो. तक्रार कुठे करू? (एक महिला वाचक, संगमनेर)

ताई, तक्रार करून हाती काही लागायचं नाही. एनईसीसी ही १९८२मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली अंडी उत्पादकांचीच संघटना. व्यापाऱ्यांनी पाडून मागू नये म्हणून ती रोज भाव सुचवते. सुचवते, सक्ती करत नाही. पाचशे कोंबड्यांसाठी गाडी आडवाटेला येते तेव्हा डिझेल तुमच्याच शेकड्यातून वजा होतं. आणि श्रावणात तर खाणारेच कमी.

तुमच्याएवढ्या शेडला मी ठोक विक्रीच्या नादी लागू देणार नाही. जाहीर भाव शेकड्याला पाचशे असेल तर तीसचा ट्रे दीडशेला पडतो. त्या भावात गावातले दुकानदार, वडापावच्या गाड्या, वसतिगृहाची खानावळ आनंदाने घेतील. रोजचे पंधरा ट्रे तर खपवायचे आहेत.

प्रश्न : काष्टीच्या बाजारातून दुभती गाय घ्यायची आहे. गाईचा आजचा भाव कुठे मिळेल? (एक वाचक, दौंड)

कांद्यासारखा नाही मिळणार. तक्त्यात जनावरांचे नग आणि किमान-कमाल आकडे येतात, पण तीस हजारांची गाय आणि लाखाची गाय एकाच ओळीत बसते, त्यातून तुम्हाला काय कळणार? रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे सौदे मी पाहिलेत. शेजारी उभ्या माणसालाही भाव कळत नाही.

तेव्हा गाय बघा. दात बघा, दोनदाती म्हणजे तरुण आहे की जुळलेली म्हणजे सगळे दात आलेली. कास टरारून फुगलेली दिसली की लगेच भुलू नका. बाजाराच्या दिवशी धार न काढता तुंबवून आणतात. समोर धार काढायला लावा, चारही सडांची. जमलं तर विकणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन दोन वेळचं दूध मोजा. आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक पावतीवर लिहून घ्या. नुसतं ‘काळी-पांढरी गाय’ लिहिलेली पावती भांडणाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

प्रश्न : चाळीतला कांदा आता विकू की थांबू? एका शब्दात सांगा. (एक वाचक, येवला)

एका शब्दात सांगून मी एकदा पोळलोय. २०२३च्या डिसेंबरात शेजाऱ्याला ‘थांब’ म्हणालो आणि ८ तारखेपासून निर्यातबंदी लागू झाली. लाल कांदा होता, टिकणारा नव्हता. पडेल भावात द्यावा लागला. तुम्ही कांदा चाळीत कधी भरला आणि चाळीला खालून हवा आहे का, हे लिहिलेलं नाही. मधल्या थरातले दहा कांदे काढून उभे चिरा. आत कोंब हिरवा झाला असेल तर उद्याच निवडायला बायका लावा. नसेल तर काय दिसलं ते कळवा, मग बोलू.