अन्नपूर्णेच्या हातातली पळी

प्रिय सई,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी देव घासत होती, तेव्हा तू विचारलंस, "आई, दुर्गेकडे त्रिशूळ, मारुतीकडे गदा, मग हिच्याकडे नुसती पळी का? आणि एकसारख्या दोन-दोन मूर्ती कशाला?" माझी कामावर जायची वेळ झाली होती आणि घाईत उरकावं असं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

ही अन्नपूर्णा, म्हणजे पार्वतीच. शंकर एकदा तिला म्हणाले की हे सगळं जग माया आहे, अन्नसुद्धा. पार्वतीने वाद घातला नाही. ती निघून गेली. मग शेतात दाणा पिकेना, कोणाच्या घरी चूल पेटेना. पुढे काशीत तिने अन्न वाढायला घेतलं, तेव्हा शंकर स्वतः भिक्षापात्र घेऊन तिच्या दारात उभे राहिले. काशीला विश्वनाथाच्या जवळच तिचं देऊळ आहे. जिच्यापुढे महादेव हात पसरतात, तिला शस्त्र कशाला लागतं?

आता मूर्ती हातात घेऊन बघ. पळी तिने दोन्ही हातांनी आडवी धरली आहे. दोन्ही हात वाढण्यात गुंतलेले, स्वतःसाठी काही घ्यायला एकही मोकळा नाही. हा अर्थ माझा मी लावलेला आहे, कुठे वाचलेला नाही, पण मला तो पटतो. आणि आजी संध्याकाळी तिचं स्तोत्र म्हणते ना, त्यात भिक्षा मागितली आहे ती ज्ञानाची आणि वैराग्याची. ताटातलं अन्न ही त्याची पहिली पायरी.

या पळीची एक खरी हकीकत सांगते. मी राहते त्या कॅनडातच, रेजायना शहरातल्या एका संग्रहात काशीहून शंभरेक वर्षांपूर्वी चोरीला गेलेली एक दगडी मूर्ती होती. तिला विष्णू समजत होते! नीट पाहिल्यावर एका हातात खिरीची वाटी आणि दुसऱ्यात पळी दिसली, तेव्हा ही अन्नपूर्णा हे कळलं. 2021 साली ती काशीला परत गेली. ती बातमी वाचून मला इथे एकटीला रडू आलं होतं.

दोन मूर्ती का, ते सोपं आहे. एक आजीची, एक माझी. आपल्याकडे मुलीला लग्नात माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात. बोहल्यावर जाण्याआधी पिवळी साडी नेसून नवरी गौरीहर पूजते, अन्नपूर्णेवर अक्षता वाहते, आणि मग मामा तिला न्यायला येतो. सासरी ती रिकाम्या हाताने येत नाही, त्या घराचं अन्न बरोबर घेऊन येते. म्हणून मूर्ती वाटीभर तांदळात बसवायची. आजी ते तांदूळ बदलते आणि जुने रोजच्या भातात घालते, वाया घालवत नाही.

माझी अन्नपूर्णा तुझ्या आज्जीने, म्हणजे माझ्या आईने, मुंबईत पायधुनीजवळच्या तांबाकाट्यावरून, म्हणजे तांब्यापितळेच्या बाजारातून, आणली. तिच्या खांद्यावरून खाली एक बारीक रेघ गेली आहे, नखाला लागेल. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली ती खूण, कानशीने घासूनही थोडी उरलेली. आजीच्या मूर्तीला अशी रेघ नाही. ती मेणाची मूर्ती करून ओतलेली असावी. आधी मेणात सगळी देवी घडवायची, वर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रस नऊशे अंशांच्या वर तापतो, तेव्हा त्यातलं जस्त पांढऱ्या धुरासारखं उडायला लागतं, म्हणून ओतणाऱ्याला झटपट हात चालवावा लागतो. शेवटी माती फोडावीच लागते, त्यामुळे त्या साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. डोळे, कान, साडीच्या निऱ्या छिन्नीने. आजीच्या देवीचे दोन कान सारखे नाहीत, बघ.

तिचं नाक मात्र जवळजवळ गेलंय. इतकी वर्षं चिंच आणि राखेने घासून चेहरा गुळगुळीत झाला. तुझे बाबा एकदा म्हणाले होते, नवीन आणू. मी नको म्हटलं. माझ्या कोऱ्या मूर्तीपेक्षा मला तीच जास्त देवी वाटते.

आणि एक. ही फक्त मुलीलाच का द्यायची, हे मला कधीच पटलेलं नाही. तुला तर देईनच, पण अथर्वलाही देणार. स्वयंपाक त्यालाही करायचा आहे.

पुढच्या वेळी देव घासशील तेव्हा आजीच्या मूर्तीला पितांबरी लावू नकोस, चिंचेचा कोळ आणि मऊ फडकं पुरे. कानांच्या मागे पाणी राहतं, तिथे हिरवं चढतं, ते आधी पूस. आणि मेणाच्या ओतकामाबद्दल माझा अंदाज बरोबर आहे का, ते बाबांबरोबर तांबाकाट्यावर जाऊन एखाद्या जुन्या दुकानदाराला दाखवून विचार. काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
आई